एकाआड एक पौर्णिमा

सकाळी साडेदहाला गुप्तसूची उघडली आणि दहा वाजून पस्तीस मिनिटांनी डॉ. केतकी चौगुले यांची नऊ वर्षं पाण्यात गेली.

निदान पडद्यावर तरी तसंच दिसत होतं. कोल्हापूरच्या लयशास्त्र प्रयोगशाळेत त्या वेळी तीन माणसं होती. एक केतकी. दुसरा फैजल मुजावर, चाचणीचा संख्याशास्त्रज्ञ, ज्याने भलत्याच उत्साहाने पेढ्यांचा बॉक्स आणून ठेवला होता. आणि तिसऱ्या डॉ. मैथिली इनामदार, देखरेख समितीच्या अध्यक्ष. कुणाला खरं उपकरण आणि कुणाला खोटं हे नोंदलेल्या गुप्तसूचीची किल्ली त्यांच्याकडे असायची आणि चेहऱ्यावरची रेषही हलू न देण्याबद्दल त्यांची ख्याती होती.

"वाच पुन्हा," इनामदार म्हणाल्या.

फैजलने वाचलं. "एकूण शेहेचाळीस बायका. बावीस जणींच्या कानामागे खरी लयचकती, चोवीस जणींच्या कानामागे खोटी. खरी लावलेल्या बावीसपैकी वीस जणींचं बीजमोचन सुरू झालं. खोटी लावलेल्या चोवीसपैकी..." तो थांबला. "वीस जणींचं."

पेढ्यांकडे बघायचं तिघांनीही टाळलं.

"केतकी," इनामदार म्हणाल्या, "दुपारी चारला समिती बसणार आहे. त्यातले तिघे या विषयातले नाहीत. त्यांना सांगणार आहेस तसं मला सांग. मी काही वाचलेलं नाही असं समज."

केतकीने हे इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतही सांगितलं असतं.

"या बायकांच्या अंडाशयात बीजांची वाण नाही. उलट गर्दी आहे. दर महिन्याला पाच-पंचवीस बीजकोश वाढीला लागतात. त्यांतल्या एकाने पुढे जायचं, पिकायचं, फुटायचं आणि बीज मोकळं करायचं, हे बीजमोचन. यांच्यात कोणीच पुढे जात नाही. सगळे अर्ध्या वाटेवर अडून बसतात. मग पाळी सहा-सहा महिने येत नाही, मूल राहत नाही, पुढे हाडं, साखर, सगळ्याचाच त्रास."

"दोष अंडाशयाचा?"

"आम्ही म्हणतो, नाही. सगळ्या बायकांचं कारण एकच नसतं. कुणाची थायरॉइड असते, कुणाचं आणखी काही. पण आम्ही निवडलेल्या शेहेचाळीस जणींत दोष हुकमाचा आहे. मेंदूच्या तळाशी तिळाएवढं लयकेंद्र असतं. ते ठोके देतं. दीड तासाला एक ठोका पडला, तर खालची ग्रंथी बीज पिकवणारा रस पुरेसा सोडते. यांच्यात ठोका पडतो पन्नास मिनिटांना. त्या घाईत दुसराच रस वाढतो आणि बीज कच्चं राहतं. सासू दर दोन मिनिटांनी दारातून 'झाली का भाकरी?' म्हणून विचारत राहिली, तर भाकरी भाजायची कधी?"

फैजल एरवी या वाक्याला हमखास हसायचा. आज तो नखं बघत होता.

"आणि चकती?"

"नखाएवढी आहे. कानामागे बसते, ठोके मोजते आणि श्राव्यातीत ध्वनीच्या बारीक लहरींनी लयकेंद्राला थोपटून धीमं करते. लावल्यापासून पहिल्याच ठोक्याला फरक दिसतो. खोटी चकती नुसती मोजते, थोपटत नाही. कोणाला कुठली, ते प्रत्येकीसाठी वेगळी नाणेफेक करून ठरवलं. मला माहीत नव्हतं, बायकांना माहीत नव्हतं. बीजमोचन झालं का, ते लाळपट्टीवर कळतं. झालं की पट्टी निळी होते."

"मग आता हे बघ." इनामदारांनी दुसरा तक्ता पुढे ओढला. "तुझ्या खऱ्या चकत्यांनी ठोके धीमे केले. सातही महिने, दीड-दीड तासाचे. खोट्या चकत्यांत सातही महिने पन्नास मिनिटं. यंत्र तुझं चोख आहे. पण ठोके धीमे झाले तरी पट्ट्या निळ्या, आणि घाईचे राहिले तरी निळ्याच. याचा अर्थ काय होतो?"

अर्थ केतकीला आधीच लागला होता. ठोक्यांचा आणि बीजमोचनाचा संबंधच नाही. नुसतं यंत्र फसलं असतं तर दुसरं केलं असतं. इथे विचारच मुळातून चुकला होता, आणि तो एकोणतिसाव्या वर्षापासून तिने उराशी धरलेला विचार होता.

"चारपर्यंत काही सापडलं तर बघ," इनामदार उठत म्हणाल्या. आवाजात किंचित मऊपणा आला होता, आणि तोच जास्त लागला. "नाहीतर चाचणी बंद करावी लागेल. चकत्या परत घ्यायच्या."

त्या गेल्यावर केतकी खिडकीशी उभी राहिली. रडू येत नव्हतं, रागच येत होता. शेहेचाळीस बायका, सगळ्या एका हुपरीतल्या, सगळ्या चांदीचे पैंजण घडवणाऱ्या. वर्षानुवर्षं ज्यांचं काही होत नव्हतं, अशांतल्या चाळीस जणींचं बीजमोचन सात महिन्यांत काहीही कारण नसताना सुरू व्हावं? गावाने पाणी बदललं, की हवा?

"मॅडम," फैजल मागून म्हणाला, "एक दाखवू? पण हसायचं नाही. आणि रागवायचंही नाही."

त्याने पट्ट्या निळ्या झाल्याच्या सगळ्या तारखा एका रेघेवर मांडल्या होत्या. त्या विखुरलेल्या असायला हव्या होत्या. शेहेचाळीस बायकांची शेहेचाळीस वेळापत्रकं. पण पडद्यावर ठिपक्यांचे घोस होते. मधे रिकामं, मग घोस, मग रिकामं, मग घोस.

"पहिला महिना सोडला तर सगळे घोस असेच आहेत," फैजल म्हणाला. "मी तारखा पंचांगाशी लावून बघितल्या. सहज, हां. प्रत्येक घोस पौर्णिमेच्या आगेमागे दोन दिवस आहे."

केतकी खुर्चीत बसली. "फैजल, हे कुणाला दाखवू नकोस. नऊ वर्षं मी लोकांना सांगतेय की बायकांचं शरीर चंद्रावर चालत नाही. आता माझ्याच चाचणीतून हे बाहेर पडलं तर उद्या घराघरांत पौर्णिमेचे गंडे बांधतील."

"आकडे आहेत, मॅडम. मी काय करू?"

"एकेकीचं वेगळं दाखव."

त्याने एकेकीची रेघ उलगडली. पहिली बाई, कार्तिकी पौर्णिमेला निळी, मार्गशीर्षात नाही, पौषात निळी, माघात नाही. दुसरी बाई, कार्तिकात नाही, मार्गशीर्षात निळी, पौषात नाही. तिसरी पहिलीसारखी. चौथी दुसरीसारखी. केतकी एकेक रेघ बघत गेली आणि अर्ध्यावर आल्यावर ताडकन उठली.

"एकाआड एक!"

"हो. चाळीसच्या चाळीस जणी."

"अरे, चंद्र काय एकाआड एक महिना उगवतो? चंद्राचं काम असतं तर प्रत्येकीची पट्टी दर पौर्णिमेला निळी व्हायला हवी. इथे तर एका महिन्यात अर्ध्या जणी, पुढच्या महिन्यात उरलेल्या अर्ध्या. आळीपाळीने. फैजल, आळीपाळीने आकाशातलं काही होत नाही. आळीपाळीने माणसं करतात!"

तिने चकत्यांच्या नोंदी ओढल्या. प्रत्येक चकतीत महिन्यातून एकदा अर्ध्या तासाचा खंड होता, ठोके मोजणं तुटलेलं. हा खंड तिने पहिल्याच महिन्यात पाहिला होता आणि वर शहाण्यासारखा शेरा मारला होता : 'अमावास्येला कारखाने बंद असतात. बायका डोक्यावरून न्हातात. चकती ओली होऊन संपर्क तुटत असावा.' स्वतःच्या अक्षरातला तो शेरा वाचून तिला स्वतःचीच कीव आली. अमावास्येला काहीतरी होत होतं, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, म्हणजे बीज पिकायला लागतात तेवढ्याच दिवसांनी, पट्ट्या निळ्या होत होत्या. पौर्णिमा नुसती मधे येत होती बिचारी.

"पण चकती कानाला अडकवणारा फासा उघडत नाही," फैजल म्हणाला. "तो आपल्या किल्लीशिवाय उघडूच शकत नाही. परदेशातून करून आणलाय."

केतकीने त्याच्याकडे बघितलं. मग दोघंही एकदम बोलले.

"पैंजणाचा फासा!"

चांदीत केसाएवढ्या कड्या जोडणाऱ्या, दिवसाला शंभर फासे मिटून उघडून बघणाऱ्या बायकांच्या कानाला त्यांनी एक तारेचा फासा लावला होता आणि तो उघडणार नाही म्हणून निर्धास्त झोपले होते.

साडेबाराला केतकीची गाडी हुपरीत होती. गाडी आपणहून चालणारी, वेगाचे नियम पाळणारी. केतकी रस्ताभर तिला शिव्या घालत आली.

समृद्धी माळी पत्र्याच्या कारखान्यात खिडकीपाशी मांडी घालून बसली होती. पुढ्यात घुंगरांचा ढीग. एकोणतीस वर्षांची, बोलायला चटपटीत. चाचणीतल्या बायकांना दर आठवड्याला फोन करून पट्ट्यांची आठवण करून देण्याचं काम तिने न सांगता अंगावर घेतलं होतं. केतकीला दारात बघून तिच्या हातातला चिमटा खाली पडला. शेजारी आलिया मुल्लाणी होती, तिच्याच वयाची. भट्टीवर चांदी वितळवायचं काम ती आणि तिचा भाऊ बघायचे.

"समृद्धी," केतकी म्हणाली, "मी रागवायला आलेले नाही. एकच विचारते. चकत्या बदलता का तुम्ही?"

समृद्धीने आधी आलियाकडे बघितलं. मग जमिनीकडे. मग एकदम सगळं बांध फुटल्यासारखं बाहेर आलं.

"बदलतोय, म्याडम. खोटं कशाला बोलू? तुम्ही सांगितल्यालं की निम्म्याला खरी, निम्म्याला खोटी. आमाला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं बगा. आता एका आळीत दोघी बसल्यात, एकीच्या ताटात पोळी वाढायची नि दुसरीच्या ताटात रिकामी वाटी? आसं कुटं आसतंय व्हय? म्हणून ठरवलं, एक म्हैना तू लाव, एक म्हैना मी लावते. आवसेला कारखान्याला सुट्टी आसती, समद्या माझ्या माडीवर जमतोय, फासं काढतोय नि बदलतोय. अर्धा तास लागतोय."

"फासा कशाने काढता?"

समृद्धीने खाली पडलेला चिमटा उचलून दाखवला. त्या प्रश्नाचं तिला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं.

"पण खरी कुठली, खोटी कुठली, हे कळलं कसं? मला माहीत नव्हतं!"

"गालाला लावून," आलिया म्हणाली. "खरी इवलीशी ऊन लागती. आमी दिवसभर चांदीचा ताव बघतोय म्याडम, हाताला न्हाई तर गालाला कळतंच. पैल्या आठवड्यातच समृद्धीनं समद्यांच्या तपासल्या. तेवीस ऊन निघाल्या, तेवीस गार. बरोब्बर निम्म्या-निम्म्या. म्हणून तर खात्रीच पटली. मग एक ऊनवाली नि एक गारवाली आशा तेवीस जोड्या लावल्या. ऊन चकतीला नखपालिशचा लाल ठिपका दिला, म्हणजे पुन्यांदा बगाय नको."

श्राव्यातीत ध्वनीने चकती अर्धा अंश तापते, हे केतकीने तपासलं होतं आणि 'माणसाला जाणवण्याजोगं नाही' असं लिहून ठेवलं होतं. कुठल्या माणसाला, हे लिहायचं राहिलं होतं. तिला हसू फुटलं. तिने पुढे वाकून समृद्धीचे दोन्ही हात धरले. समृद्धी बावरून बघत राहिली.

"अगं, तुम्ही माझी चाचणी बुडवली नाहीत. तुम्ही माझ्यापेक्षा चांगली केलीत! तीच बाई, तेच शरीर, एक महिना खरी, एक महिना खोटी, पुन्हा खरी. मला सुचायला हवं होतं हे. जोड्यांची यादी आहे?"

"फोनवर हाय. पन म्याडम..." समृद्धीचा आवाज बदलला. "मी येऊ का तुमच्यासंगं? समद्यांनी ऐकलं ते माझं. चूक झाली आसंल तर माझी म्हणून सांगते. बाकीच्यांच्या चकत्या काढून घेऊ नका. त्यांच्या निळ्या हुयाला लागल्यात."

"आणि तुझी?"

प्रश्न केतकीच्या तोंडून सहज निघून गेला. आलियाने मान वळवली. समृद्धीने पदराने हात पुसले, पुसायला काही नव्हतं तरी.

"माझी न्हाई झाली एकदाबी. आलियाचीबी न्हाई. आमच्यातच कायतरी कमी आसंल. आसूद्या की. आळीत चाळीस जणींच्या झाल्या, ते काय थोडं झालं?"

चारला समितीच्या दालनात पाच जण बसले होते. केतकी आयुष्यात इतकं भरभर कधी बोलली नव्हती. पौर्णिमा, अमावास्या, फासा, गाल, लाल ठिपका. समृद्धी मागच्या खुर्चीच्या टोकावर, पर्स मांडीवर धरून. फैजल जोड्यांची यादी गुप्तसूचीशी लावत होता आणि त्याच्या पडद्यावर एकामागून एक जुळणी होत होती. कुठली चकती कुठल्या महिन्यात कुणाच्या कानामागे होती ते कळलं, तसे ठोके आणि पट्ट्या एकमेकांवर येऊन बसले. ठोके धीमे, पट्टी निळी. ठोके घाईचे, पट्टी कोरी. महिन्यामागून महिना.

"सुंदर," समितीतले एक सद्‌गृहस्थ म्हणून गेले.

इनामदारांनी हात वर केला. "घाई नको. माझा एक आक्षेप आहे आणि तो लहान नाही. या बायकांना माहीत होतं की या महिन्यात आपल्याला खरी चकती आहे. आशा ही फार मोठी गोष्ट असते, केतकी. मनाचा भार उतरला की शरीर बदलतं, हे तूही मान्य करशील. ठिपका लाल, म्हणून मन निवांत, म्हणून बीजमोचन. ठोके काय, सोबतीला धीमे झालेच होते. हे खोडून दाखव. खोडण्यासाठी मला अशी बाई हवी, जिची आपली चकती खरी असल्यावर पूर्ण श्रद्धा होती, पण ती खोटी होती. अशी एकही नसेल तर मी सही करणार नाही."

आक्षेप अगदी बरोबर होता, हे केतकीला कळत होतं. सगळ्या बायकांनी चकत्या अचूक ओळखल्या होत्या. आता ही अचूकताच नडणार होती. एवढं सगळं होऊन घोडं इथे पेंड खाणार?

"मॅडम," फैजल म्हणाला. त्याचा आवाज चमत्कारिक येत होता. "तेवीस ऊन, तेवीस गार, असं म्हणाल्या ना त्या?"

"हो."

"आपल्याकडे खऱ्या बावीसच आहेत."

केतकी त्याच्या पडद्याकडे धावली. नाणेफेक प्रत्येकीसाठी वेगळी होती. दहा वेळा नाणं उडवलं तर पाच छापे येतीलच असं थोडंच असतं? बावीस खऱ्या, चोवीस खोट्या. बायकांना निम्म्या-निम्म्या अपेक्षित होत्या, निम्म्या-निम्म्या निघाल्या, म्हणून कोणी पुन्हा तपासलं नाही. पण मग तेविसावी ऊन चकती ऊन कशाने लागली?

तिने तेविसाव्या जोडीची नावं वाचली. मग सावकाश मागे वळली.

"समृद्धी, तुमच्या दोघींतली ऊन चकती पहिल्यांदा कुणाच्या कानाला होती?"

"आलियाच्या."

"आणि तपासलीस तेव्हा आलिया कुठून आली होती?"

"कुटून म्हणजे? कामावरनंच. भट्टीवर..." समृद्धी बोलता बोलता थांबली. ताव बघणारी बाई ती. तिला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. "आगं बया! ती भट्टीपुढनं उठून आल्याली. तिचं कानशीलच तापलं हुतं!"

"दोन्ही खोट्या," फैजल म्हणाला. तो आता उभाच होता. "तेविसाव्या जोडीत दोन्ही चकत्या खोट्या. दोघींची आळीपाळीने पूर्ण श्रद्धा, लाल ठिपका, सगळं. दोनशेच्यावर रात्री. ठोका एकदाही पन्नास मिनिटांच्या पुढे गेलेला नाही. पट्टी एकदाही निळी नाही."

इनामदारांनी चष्मा काढला. त्यांना ओळखणाऱ्या लोकांच्या दृष्टीने हे दुसऱ्या कुणी टेबलावर चढून नाचण्यासारखं होतं.

"श्रद्धा होती, पण थोपटणं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आणि काहीच घडलं नाही. माझा आक्षेप मी मागे घेते. चाचणी यशस्वी. लिहून घ्या."

कोणीतरी बाक वाजवला. फैजलने केतकीचा हात इतका जोरात हलवला की खांदा दुखावला. नऊ वर्षं, पाण्यात गेलेली, अख्खीच्या अख्खी परत आली होती. पण केतकीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती समृद्धीकडे बघत होती. समृद्धीच्या चेहऱ्यावर हसूही नव्हतं आणि रडूही नव्हतं.

"म्याडम, म्हणजे माझी खोटी हुती? दोन्ही म्हैन्यातली? समद्या म्हैन्यातली?"

"सगळ्या. मला माफ कर. तू सगळ्यांना वाटलंस आणि तुझ्याच वाट्याला..."

"आवो, ते न्हवं!" समृद्धी खुर्चीतून उठली. "म्हणजे मला आजून मिळालीच न्हाई? मशीन माझ्यावर चाललं न्हाई आसं न्हाईच? ते चालवूनच बगितलेलं न्हाई?"

"नाही बघितलं. एक दिवससुद्धा नाही."

समृद्धीने दोन्ही हात तोंडावर घेतले. आता मात्र ती रडली, आणि हसली, आणि दोन्ही एकदमच चाललं होतं. "सात म्हैनं मी म्हणतेय, या मशीनलासुदिक मी जमले न्हाई. समद्यांच्या पट्ट्या बगत हुते, पेढं खात हुते नि घरी येऊन पालथी पडत हुते. आलियाला तर सांगितलंबी न्हवतं मी. आवो, माझं काय वाईट ठरलंच न्हाई आजून!"

समितीतल्या सद्‌गृहस्थांनी खिशातून रुमाल काढला. तो त्यांना स्वतःलाच लागला.

"नियम सातवा," इनामदार चष्मा परत लावत म्हणाल्या. "चाचणी यशस्वी ठरली की ज्यांना खोटी मिळाली त्यांना ताबडतोब खरी द्यायची. ताबडतोब म्हणजे ताबडतोब, डॉ. चौगुले. कपाट तिकडे आहे."

केतकीने नवी चकती आणली, तपासली, पुन्हा तपासली, आणि समृद्धीच्या कानामागे बसवली. फैजलने ठोक्यांची रेघ भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर टाकली. पाच वाजून चार मिनिटांनी एक ठोका दिसला, उंच आणि टोकदार.

"हा तुझा नेहमीचा," केतकी म्हणाली. "पुढचा तुझ्या सवयीने पाच चोपन्नला पडायला हवा."

कुणीही उठून गेलं नाही. इनामदारांना साडेपाचला सांगलीला निघायचं होतं. त्यांनी फोन करून गाडी परत पाठवली. पेढ्यांचा बॉक्स अखेर उघडला गेला आणि रिकामाही झाला. समृद्धीने आलियाला फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून इतकी मोठी किंकाळी आली की सगळ्यांनी ऐकली. पाच पन्नास झाले. गप्पा आपोआप थांबल्या. चोपन्न झाले. रेघ सपाट होती.

पंचावन्न. छप्पन्न.

"काय झालं? बंद पडलं काय?" समृद्धीने मान न हलवता विचारलं.

"बंद नाही पडलं," केतकी कुजबुजली. हे तिने दोनशे वेळा नोंदीत पाहिलं होतं, पण माणसाशेजारी बसून एकदाही नाही. "गप्प बसलंय ते. वाट बघतंय."

सहा वाजले. सव्वासहा. खिडकीतून तिरपं ऊन टेबलावर आलं. सगळे जण एका सपाट रेघेकडे असे बघत होते, जणू शेवटच्या षटकात चार धावा हव्या आहेत. सहा वाजून तेहतीस. चौतीस. आणि रेघ उठली, एकच उंच ठोका, सरळ आणि शांत.

"नव्वद मिनिटं!" फैजल ओरडला आणि त्याचा स्वर चिरकला.

"ऐकतंय व्हय माझं डोस्कं?" समृद्धीने विचारलं.

"ऐकतंय," केतकी म्हणाली. "पहिल्याच सांगण्यात."

समृद्धीने हळूच हात वर नेला आणि कानामागची चकती तळव्याखाली झाकून घेतली.

"मग म्याडम, आता आलियासाठी दुसरी काढा, आत्ताच्या आत्ता," ती म्हणाली. "ही मी कुणालाच देनार न्हाई."